कळीचा मुद्दा

मराठी भाषा मोठी द्वाड आहे. यंत्राची दाबायची ती कळ, पोटात येते तीही कळ. सोसायची ती कळ आणि भांडण उकरायचं असेल तेव्हा काढायची तीही कळच! कीबोर्डला 'कळफलक' हा प्रतिशब्द ज्या कुणी काढला त्याला लॅपटॉपचं भविष्य दिसलं असावं असं मला हल्ली राहून राहून वाटतं. कारण लॅपटॉपचं एखादं बटण मधूनमधून बंद पडायला लागलं की जे काही होतं त्याला दुसरा शब्द नाही.

आता 'मधूनमधून' या शब्दावर जरा थांबा. कायमचं मेलेलं बटण परवडतं. ते मेलंय हे सगळ्यांना मान्य असतं. पण चारदा चालणारं आणि पाचव्यांदा दगा देणारं बटण म्हणजे छळ. घरी चालत नाही म्हणून दुकानात न्यावं तर काउंटरवर ते शहाण्या मुलासारखं वागतं. दुकानातला मुलगा दहा वेळा तेच बटण दाबतो, पडद्यावर दहा अक्षरं उमटतात, आणि तो आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपणच ओशाळतो. डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलं की दुखायची थांबते तशीच ही कळ.

आणि मंडळी, आपण मराठीत लिहिणारे, म्हणून आपल्याला एका बटणाचा मार जरा जास्तच बसतो. रोमन अक्षरं वापरून उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांचं 'ए' हे बटण गेलं की प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडतो. 'मराठी' लिहायला जावं तर पडद्यावर 'म्र्ठी' असं काहीतरी येतं. इन्स्क्रिप्टवाल्यांचं 'डी' गेलं तर हलन्त गेला, म्हणजे जवळजवळ सगळी जोडाक्षरं गेली. 'प्रश्न'चा 'परशन' होतो आणि 'विद्यार्थी'चा 'विदयारथी'. इंग्रजीत एक अक्षर गळलं तर वाचणारा ते मनात भरून घेतो. आपल्याकडे एक बटण गेलं की अर्धी बाराखडी आजारी पडते.

तर आजचा राग या बटणावर नाही. बटण बिचारं झिजणारच. माझा राग आहे तो हा झिजणारा भाग लॅपटॉपच्या अंगात असा चिणून टाकणाऱ्यांवर, की एक बटण दुखलं तर निम्मं यंत्र कापून टाकायची वेळ यावी. आणि थोडासा राग हे मुकाट्याने विकत घेणाऱ्या आपल्या सगळ्यांवरही आहे.

आधी हे बघू की दुखतं कुठे. कारण हा आजार गूढ मुळीच नाही. गूढ आहे असं भासवण्यात काही लोकांची सोय आहे, इतकंच.

लॅपटॉपच्या कीबोर्डखाली प्रत्येक बटणाची वेगळी तार गेलेली नसते. आडव्या आणि उभ्या रेषांची एक जाळी असते. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा आहेत. त्यांच्या छेदांच्या जागा झाल्या १२८, आणि तारा मात्र फक्त २४. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकतात आणि आतल्या चिपला कळतं, अमुक जागा दाबली गेली. या रेषा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेल्या असतात. दोन पापुद्रे रेषांचे, आणि त्यांच्या मध्ये भोकं असलेला तिसरा. वर रबराची इवलीशी टोपी, तिच्यावर कात्रीसारखी उघडमीट करणारी प्लास्टिकची बिजागरी आणि सगळ्यात वर आपण बोट ठेवतो ते टोपण. पापुद्र्यांवरच्या सगळ्या रेषा एका चपट्या पट्टीत एकत्र येतात आणि ती पट्टी मदरबोर्डवरच्या एका लहानशा खाचेत बसते.

एवढं समजलं की निदान सोपं होतं.

सगळ्यात आधी खात्री करायची की दोष कीबोर्डचाच आहे. बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावून पाहावा. त्यावरही तेच बटण हुलकावणी देत असेल तर भानगड सॉफ्टवेअरची. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवलं की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करायची विचारणा होते. ती चालू झाली की हलकेच आणि भरभर दाबलेली बटणं लॅपटॉप सरळ दुर्लक्षितो. हे आपोआप झालेलं असतं (बहुधा घरातल्या एखाद्या बाळाच्या कृपेने!) आणि माणसं कीबोर्ड बदलायला धावतात.

एकच बटण त्रास देत असेल तर दोष त्या बटणाच्या आसपास असतो. कण अडकलेला, बिजागरी सुटलेली, रबराची टोपी फाटलेली, नाहीतर गोड चहाचा थेंब वाळून चिकट झालेला. पण एकमेकांपासून लांब असलेली चारपाच बटणं एकाच वेळी जात-येत असतील, तर ती सगळी एकाच रेषेवरची भावंडं असण्याची शक्यता मोठी. मग टोपणं उचकटण्यात अर्थ नाही. दोष त्या रेषेत, पट्टीत किंवा पट्टीच्या खाचेत शोधायचा. लॅपटॉप तापल्यावर, झाकण उघडताना किंवा मनगटाचा भार पडल्यावर लक्षण बदलत असेल तर खाचेवरचा संशय बळावतो. पावसाळ्यात वाढत असेल, किंवा समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत, तर धातूच्या टोकांवर गंज चढलाय का तेही पाहायचं. आणि कीबोर्ड मधूनच वर फुगल्यासारखा वाटत असेल, टचपॅड उचललं गेलं असेल, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. मग मात्र लॅपटॉप बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही आणि सरळ जाणकाराकडे द्यायचा. तो प्रकार आगीशी खेळ आहे.

उपायही असेच साधे. लॅपटॉप पूर्ण बंद करून तिरका धरायचा आणि हवेचा झोत मारायचा. टोपण काढता येत असेल तर बिजागरी न मोडता अलगद काढून, कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि नीट वाळू द्यायचं. (स्पेसबार आणि एंटरच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. त्यांच्याखाली तारेची दांडी असते, ती परत बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.) खाचेचा दोष असेल तर आतून आधी बॅटरी सोडवायची, मग पट्टी काढून, टोकं पुसून परत बसवायची. खर्च म्हणाल तर थोडा वेळ, थोडं अल्कोहोल आणि एक बरा स्क्रूड्रायव्हर.

आता मुख्य तक्रार.

माझी मावशी घरी बसून मराठी डीटीपीची कामं करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका. हात इन्स्क्रिप्टवर बसलेला. तिच्या लॅपटॉपवर 'सी', 'डी' आणि 'ई' ही तीन बटणं मधूनमधून जायला लागली. म्हणजे इन्स्क्रिप्टमध्ये म, हलन्त आणि काना! 'माझ्या' लिहिलं की 'झय' उमटायचं, आणि 'महाराष्ट्र' लिहिलं की 'हरषटर'. आम्ही हसलो खरे, पण तिच्या डोक्यावर दोन स्मरणिका होत्या आणि छपाईची तारीख ठरलेली होती.

कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेल्यावर पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, "काही प्रॉब्लेम दिसत नाही." तेव्हा वॉरंटीचे थोडे दिवस शिल्लक होते. दुसऱ्या खेपेला वॉरंटी संपलेली होती, आणि काय चमत्कार पाहा, आता प्रॉब्लेम दिसला! उपाय सांगितला तो असा की कीबोर्ड वेगळा मिळत नाही, वरचा सबंध भाग बदलावा लागेल. खर्चाचा आकडा तिच्या महिन्याच्या कमाईहून जास्त. वर फुकटचा सल्ला, "त्यापेक्षा नवीनच घ्या ना मॅडम."

मग ती तपकीर गल्लीत गेली. तिथल्या माणसाने लॅपटॉपला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "काकू, अजून कुठली कुठली बटणं जातात?" अधिकृत केंद्रात दोन खेपांत हा प्रश्न कुणालाही सुचला नव्हता. तिन्ही बटणं एकदमच जातात हे ऐकल्यावर त्याने खालचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली, पट्टी खाचेतून काढली, पुसली, परत बसवली. तीनशे रुपये. स्मरणिका वेळेवर गेल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण त्या माणसाने जाता जाता जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. "तुमचं नशीब, खाचेचं निघालं. आतला पापुद्रा गेला असता तर हा कीबोर्ड काढताना रडवतो." त्याने तसा एक उघडून ठेवलेला लॅपटॉप मावशीला दाखवला. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपांत खालून दोनचार स्क्रू काढले की कीबोर्ड ताटलीसारखा वर उचलला जायचा. थिंकपॅडमध्ये तर नेमके कोणते स्क्रू काढायचे त्यांच्याशेजारी कीबोर्डची खूण असायची आणि कुठला भाग कसा सोडवायचा याचं सविस्तर पुस्तक कंपनी स्वतः सगळ्यांना खुलं ठेवायची. आताच्या पुष्कळ लॅपटॉपांत कीबोर्ड सगळ्यात शेवटी निघतो. आधी बॅटरी, पंखा, मदरबोर्ड, स्पीकर असा सगळा संसार बाहेर काढायचा. मग दिसतात डझनावारी प्लास्टिकच्या खुंट्या, कारखान्यातच वितळवून चपट्या केलेल्या. त्या एकेक करून तोडायच्या, नवा कीबोर्ड ठेवायचा आणि खुंट्यांची उरलेली डोकी सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने दाबून किंवा गोंद लावून पुन्हा धरवायची. म्हणजे दुरुस्ती सुरू करायची ती आधी तोडफोड करून.

का हो? लॅपटॉपमध्ये रोज हजारो ठोसे खाणारा भाग कुठला? कीबोर्ड. चहा, घाम, धूळ आणि चिवड्याचा चुरा पहिल्यांदा कुणाच्या अंगावर पडतो? कीबोर्डच्या. मग सगळ्यात आधी झिजणार हे माहीत असलेला भाग सगळ्यात अवघड जागी आणि तोही कायमचा का बसवायचा? चपलेचा अंगठा तुटला तर चांभार अंगठा शिवून देतो. पेटीचा एक सूर बोलेनासा झाला तर कारागीर पेटी उघडतो, स्वराची पट्टी काढतो, साफ करतो आणि परत बसवतो. "बुवा, सबंध सप्तकच बदलावं लागेल, त्यापेक्षा नवी पेटी घ्या" असं कुठला कारागीर म्हणाला तर त्याला भजनी मंडळ दारात उभं करणार नाही!

यावर माझा आतेभाऊ (तो हे वाचणार आहेच, नमस्कार!) नेहमीची तीन उत्तरं देतो. ती आधीच निकालात काढतो.

पहिलं उत्तर: लोकांनाच बारीक लॅपटॉप हवेत, मग स्क्रूंना जागा कुठली? २०२१ साली फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकी कंपनीने १५.८५ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप विकायला काढला. त्यात बॅटरीपासून कीबोर्डपर्यंत भाग ग्राहकाने स्वतः बदलावेत अशी रचना होती आणि सुटे भाग कंपनीच विकत होती. कीबोर्डला स्क्रू पुष्कळ आहेत हे खरं, पण आहेत स्क्रूच. सोळा मिलिमीटरमध्ये एका नव्या कंपनीला जे जमलं ते जुन्या दिग्गजांना जमत नाही, यावर माझा विश्वास नाही.

दुसरं उत्तर: नवे कीबोर्ड इतके चांगले असतात की बिघडतच नाहीत. याला उत्तर देण्याचं काम ॲपलने परस्पर केलंय. २०१५ साली त्यांनी फुलपाखरू नावाच्या बिजागरीचा चपटा कीबोर्ड आणला आणि २०१६ पासून तो मॅकबुक प्रोमध्येही बसवला. त्याची बटणं धुळीच्या एखाद्या कणाने अडकू लागली, कधी उमटेनात तर कधी दोनदा उमटू लागली. कंपनीने तेव्हा लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरून हवेचा झोत मारायच्या रीतसर सूचना दिल्या होत्या! जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर झाली. नोव्हेंबर २०१९ पासून कंपनी मुकाट जुन्या कात्रीच्या बिजागरीकडे वळली. २०२२ साली अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली, दोष कबूल न करता, आणि तीही तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांपुरती. या सगळ्यात मला बोचतो तो तपशील वेगळाच आहे. कीबोर्ड वरच्या भागाला जोडलेला आणि त्याच भागाला बॅटरीही चिकटवलेली, म्हणून अनेकदा एका बटणापायी चांगली बॅटरी आणि धातूचं अख्खं कवच यांनाही निरोप द्यावा लागे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक धुळीच्या कणापुढे हरते, तर बाकीच्यांनी 'बिघडतच नाही' म्हणू नये.

तिसरं उत्तर: एवढं काय, बाहेरून कीबोर्ड लावा आणि कामाला लागा. तात्पुरतं जरूर लावावं. मावशीनेही चार दिवस लावला होता. पण मांडीवर घेऊन काम करता यावं म्हणून जी वस्तू घेतली तिला कायमचा टेबलावर खिळवून ठेवणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पाय मोडलेल्याला कुबडी देऊन 'बरा झालास' म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आणि ही फक्त माझ्या मावशीच्या तीनशे रुपयांची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. त्या ढिगाऱ्यात किती लॅपटॉप एकदोन बटणांपायी गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. "त्यापेक्षा नवीनच घ्या ना मॅडम" हे वाक्य रोज किती काउंटरांवर बोललं जात असेल याचा विचार करून बघा, म्हणजे अंदाज येईल.

बाहेर याबाबत हालचाल झाली आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसकट काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका जागी मिळावी हा हेतू चांगलाच आहे. पण माहिती देणं वेगळं आणि भाग पाडणं वेगळं. 'कीबोर्ड सुटा विकला पाहिजे आणि तो स्क्रूंनीच बसवला पाहिजे' अशी सक्ती पोर्टलमुळे होत नाही. माझी मागणी नेमकी तीच आहे. शिवाय लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसर आणि मेमरीच्या शेजारी एक ओळ छापावी: कीबोर्ड सुटा मिळतो का, आणि किती रुपयांना.

तोवर आपल्या हातात काय? आपल्या हातात विकत घेणं आहे, आणि तीच गोष्ट कंपन्यांना खऱ्या अर्थाने कळते. पुढचा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. कीबोर्ड वेगळा निघतो का? सुटा कितीला मिळतो? त्याला उत्तर येणार नाही हे मी आत्ताच सांगतो. पण आज एकाने विचारलं, उद्या दहांनी विचारलं, की तो वितरकाला विचारील आणि वितरक कंपनीला. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हा प्रश्न असाच विचारून विचारून आपण सगळ्यांना शिकवला ना?

आणि बटण मधूनमधून जायला लागलं की पहिल्याच दिवशी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करून ठेवा, तारखेसकट. वॉरंटीत असाल तर "दिसत नाही" म्हणणाऱ्याला ते दाखवा आणि तक्रार लेखी नोंदवून पावती घ्या. वॉरंटी संपली असेल तर तपकीर गल्ली, लॅमिंग्टन रोड, नाहीतर आपापल्या गावात कोपऱ्यावर बसणारा तो माणूस गाठा, जो हात लावायच्या आधी "अजून कुठली बटणं जातात?" असं विचारतो. तो प्रश्न विचारणारी माणसं टिकायला हवीत. यंत्रं अशीच चिणून बंद होत गेली तर त्यांच्या हाताला काम उरणार नाही, आणि मग तो प्रश्नही कुणाला सुचणार नाही.

इतकी वर्षं आपण कळ सोसली. आता जरा कळ काढायला काय हरकत आहे?